कॉर्पोरल डनहॅमची बावीस वर्षं



आज मी तुमच्यापुढे बावीस वर्षांच्या एका मुलाचं आयुष्य मांडणार आहे. तो आपल्या देशाचा नव्हता. ज्या युद्धात तो पडला तेही आपलं नव्हतं, आणि त्या युद्धाबद्दल माझं मत प्रतिकूल आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. तरीही स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून त्याच्याविषयी बोलावं असं मला मनापासून वाटलं. त्याचं नाव जेसन डनहॅम. अमेरिकेच्या मरीन कोअरमधला कॉर्पोरल. १४ एप्रिल २००४ रोजी इराकच्या पश्चिम सरहद्दीवर त्याने हातबॉम्बवर आपलं हेल्मेट आणि आपलं शरीर टाकलं, आणि सोबत्यांना वाचवलं. आठ दिवसांनी तो गेला.

एवढं त्याच्या शौर्यपदकाच्या मानपत्रात आहे. मानपत्र एक क्षण सांगतं, आणि तो क्षण इतका प्रखर असतो की त्याच्या आधीची वर्षं झाकोळून जातात. मग आपण 'अतुलनीय शौर्य' म्हणतो, हात जोडतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं असं आहे की तो क्षण समजून घ्यायचा असेल तर आधीची वर्षं माहीत असायला हवीत. म्हणून आज मी स्फोटापेक्षा त्याच्या आधीच्या काळाविषयी जास्त बोलणार आहे.

जेसनचा जन्म १० नोव्हेंबर १९८१चा. गाव सायो, राज्य न्यूयॉर्क. न्यूयॉर्क म्हटलं की मॅनहॅटनच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. सायो त्या महानगरापासून फार दूर, राज्याच्या नैर्ऋत्य भागात, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेच्या अलीकडे आहे. डोंगर, शेती आणि दोन हजारांच्या आसपास वस्ती. अशा गावात पोरगं कुणाचं हे विचारावं लागत नाही. जेसन गावच्याच शाळेत शिकला, खेळांत चमकला आणि २००० साली शाळा संपवून बाहेर पडला. त्याच वर्षी तो मरीन कोअरमध्ये भरती झाला.

हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. २००० मध्ये अमेरिका कुठेही मोठं युद्ध लढत नव्हती. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभे होते. अफगाणिस्तान आणि इराकची युद्धं अजून सुरू व्हायची होती. हा मुलगा सूडाच्या किंवा देशप्रेमाच्या लाटेवर स्वार होऊन गेला नाही. लहान गावातला एक अठरा वर्षांचा मुलगा शिस्तीची, कष्टाची आणि मानाची नोकरी पत्करतो, तसा तो गेला. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड या जिल्ह्यांतल्या किती घरांतून मुलं अशीच भरतीला जातात. त्यामुळे सायोची ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

मरीन कोअर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या नौदल खात्याखालचं हे स्वतंत्र दल आहे. समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणं हे त्याचं मूळ काम. त्याची स्थापना १० नोव्हेंबर १७७५ची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही आधीची. जेसनचा जन्मदिवस आणि त्याच्या दलाचा स्थापनादिन एकच होता. या दलाचा एक जुना दंडक आहे. तुम्ही स्वयंपाकी असा, कारकून असा की वैमानिक, प्रत्येक मरीन आधी बंदूकधारी शिपाई असतो. भरती झालेल्याला सुमारे तेरा आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण मिळतं. पूर्व भागातली मुलं त्यासाठी साऊथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर जातात. जेसनही तिथूनच तयार होऊन निघाला.

त्याची पहिली नेमणूक रणांगणापासून खूप दूर होती. जॉर्जिया राज्यात किंग्ज बे इथे अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ आहे. तिथल्या सुरक्षा दलात तो २००३ पर्यंत होता. पहारा, गस्त, ओळखपत्रांची तपासणी असं ते काम. वीरकथांत अशा वर्षांना जागा मिळत नाही. मला मात्र ती महत्त्वाची वाटतात. काहीही घडत नसताना रोज तितकंच जागं राहायचं, ही सैनिकाची पहिली परीक्षा असते आणि ती कुणी पाहत नसतं.

२००३ मध्ये तो पायदळात आला. सातव्या मरीन रेजिमेंटची तिसरी बटालियन, तिची किलो कंपनी, चौथी प्लाटून. ठाणं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं, ट्वेंटीनाईन पाम्स. ही बटालियन २००३ च्या इराक स्वारीत लढून आली होती. डनहॅमने तोवर प्रत्यक्ष लढाई पाहिलेली नव्हती. तरी तो स्क्वॉडचा म्हणजे तुकडीचा प्रमुख झाला. मरीन कोअरच्या पायदळात त्या काळी चार-चार जणांच्या तीन फायर टीम आणि त्यांच्यावर एक प्रमुख, अशी तेरा जणांची तुकडी असायची. आपल्या सैन्यात सेक्शन आणि सेक्शन कमांडर असतो, साधारण तसंच. कॉर्पोरल हा हुद्दाही आपल्या नाईकाच्या बरोबरीचा.

हा हुद्दा नीट समजून घेऊ. सैन्याच्या उतरंडीत तो फार खालचा. युद्ध पुकारणं, मोहीम आखणं, कुठली बटालियन कुठे पाठवायची हे ठरवणं, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. पण गल्लीत शिरताना पुढे कोण जाणार, समोरून येणारी गाडी थांबवायची की नाही, गोळी झाडायची की हात वर करून थांबायचं, हे तोच ठरवतो आणि क्षणात ठरवतो. मरीन कोअरचे प्रमुख जनरल चार्ल्स क्रूलॅक यांनी १९९९ मध्ये हाच मुद्दा एका लेखात मांडला होता. त्यांचं म्हणणं असं की पुढच्या काळात एकाच शहरातल्या लागून असलेल्या वस्त्यांमध्ये सैनिकांना तीन वेगळी कामं करावी लागतील. एका वस्तीत अन्न वाटायचं, दुसरीत भांडणाऱ्या गटांना दूर ठेवायचं, तिसरीत घनघोर लढायचं. अशा वेळी सगळ्या मोहिमेचं यशापयश एखाद्या तरुण कॉर्पोरलच्या निर्णयावर अवलंबून असेल. पाच वर्षांनी इराकच्या अनबार प्रांतात नेमकं तेच झालं.

डनहॅम कसा प्रमुख होता? त्याच्या सोबत्यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींतून जो माणूस दिसतो, तो नवख्यांना छळून शिस्त लावणारा नव्हता. पायदळात नव्या पोरांची पिळवणूक करण्याची वाईट रीत जगभर आढळते. तो त्या वाटेने गेला नाही. पोरांची काळजी घेऊन, त्यांच्या आधी स्वतः उभं राहून त्याने त्यांचा विश्वास मिळवला. बावीस वर्षांच्या प्रमुखाच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं असतात. त्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर थोरल्या भावाएवढं असतं.

त्याच्या आयुष्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा निर्णय इथे येतो. त्याच्या सेवेची मुदत तुकडी इराकमध्ये असतानाच संपणार होती. नियमाने तो घरी जाऊ शकला असता आणि कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. त्याने मुदत वाढवून घेतली. तुकडीतला प्रत्येक जण जिवंत घरी पोचला पाहिजे, हे आपल्याला पाहायचं आहे, असं कारण त्याने दिलं. पुढे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पदकप्रदानाच्या भाषणात या गोष्टीचा उल्लेख केला. या निर्णयाच्या वेळी स्फोट नव्हता, गोळीबार नव्हता, धावपळ नव्हती. विचार करायला भरपूर वेळ होता आणि सुरक्षित वाट समोर मोकळी होती. हातबॉम्बवर झेप घेण्याचा निर्णय मला याच निर्णयाचा पुढचा भाग वाटतो.

आता इराककडे वळू. मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि मित्रराष्ट्रांनी इराकवर स्वारी केली. ९ एप्रिलला बगदाद पडलं. १ मे रोजी बुश यांनी मोठ्या लढाया संपल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात खरं युद्ध त्यानंतर सुरू झालं. इराकी सैन्य बरखास्त केल्यामुळे हजारो शस्त्रधारी माणसं एका फटक्यात बेरोजगार आणि अपमानित झाली. प्रशासन कोलमडलं, बंडखोर गट उभे राहिले. मार्च २००४ मध्ये पश्चिमेकडच्या अनबार प्रांताची जबाबदारी मरीन कोअरकडे आली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ तारखेला, फलुजा शहरात चार अमेरिकी कंत्राटी सुरक्षारक्षकांना ठार करून त्यांच्या देहांची विटंबना करण्यात आली. एप्रिलमध्ये फलुजावर मरीन चालून गेले. त्याच सुमारास दक्षिणेत शिया धर्मगुरू मुक्तदा अल सद्र यांच्या अनुयायांनी उठाव केला. तोवरच्या इराक युद्धातला तो अमेरिकी सैन्याचा सर्वांत रक्तरंजित महिना ठरला.

डनहॅमची बटालियन फलुजाच्याही पलीकडे, सीरियाच्या सीमेला लागून असलेल्या अल काइम भागात होती. फरात नदीकाठची हुसैबा, कराबिला ही गावं. सीमेपलीकडून माणसं, पैसा आणि शस्त्रं येण्याची ही वाट. रस्त्यात पुरलेले बॉम्ब, अचानक होणारे हल्ले आणि गर्दीत मिसळून जाणारा शत्रू. चहा देणारा आणि बंदूक लपवणारा एकाच गल्लीत राहत होता. गल्लीतल्या सामान्य इराकी कुटुंबांसाठी तर दोन्हीकडून मरण होतं, हेही विसरता येणार नाही.

या दिवसांतलं एक संभाषण नोंदलं गेलं आहे. १४ एप्रिलच्या काही दिवस आधी डनहॅम आणि त्याच्या प्लाटूनमधले वरिष्ठ एका प्रश्नावर बोलत बसले होते. जवळ हातबॉम्ब पडला तर काय करायचं? डनहॅमचं म्हणणं होतं की केव्हलारचं हेल्मेट त्यावर उपडं टाकलं तर स्फोट बराचसा अडेल. बाकीच्यांना ते पटलं नव्हतं. हेल्मेट दुरून येणाऱ्या किरच्या अडवण्यासाठी असतं, त्याच्या पोटात झालेला स्फोट त्याला पेलेल असं कुणी म्हटलेलं नाही. शिपायांच्या फावल्या वेळातली ती चर्चा होती. पण त्यातून एवढं कळतं की प्रश्न या मुलाच्या डोक्यात आधीपासून घोळत होता, आणि तो विचारताना त्याच्यापुढे फक्त स्वतःचा जीव नव्हता.

१४ एप्रिलला डनहॅमची तुकडी कराबिलात टेहळणी करत होती. पश्चिमेला सुमारे दोन किलोमीटरवर रॉकेट आणि बंदुकांचे आवाज सुरू झाले. हुसैबाच्या तळाकडे निघालेल्या बटालियन कमांडरच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला होता. डनहॅम आपल्या माणसांना घेऊन त्या दिशेने निघाला. वाटेत त्यांच्यावरही गोळीबार होऊ लागला. त्याने सगळ्यांना गाड्यांतून उतरवलं आणि एक फायर टीम घेऊन तो पायी, ताफ्याच्या दक्षिणेकडच्या गल्ल्यांत शिरला. तिथे सात इराकी गाड्या रांगेने बाहेर पडण्याच्या बेतात होत्या. हल्लेखोर त्यांतून निसटत असण्याची शक्यता होती, तसेच भेदरलेले सामान्य लोकही असू शकत होते. सरसकट गोळ्या झाडणं सोपं होतं. डनहॅमने गाड्या थांबवून झडती घ्यायचं ठरवलं.

तो एका गाडीजवळ जाताच आतून एकाने उडी मारून त्याच्यावर झडप घातली. दोघे जमिनीवर कोसळले. दोन मरीन मदतीला धावले. झटापटीत डनहॅमला त्या माणसाच्या हातातला बॉम्ब दिसला. त्याचा हात बघा, असं तो ओरडल्याचं सोबत्यांनी सांगितलं आहे. बॉम्ब सुटला. अशा बॉम्बचा खटका सुटला की स्फोटाला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात माणूस दूर उडी मारू शकतो, आडोसा घेऊ शकतो. डनहॅम बॉम्बच्या दिशेने गेला. हेल्मेट त्यावर टाकलं आणि त्यावर स्वतः आडवा झाला.

हेल्मेटच्या चिंधड्या झाल्या. जवळचे दोघे मरीन जखमी झाले, पण जगले. डनहॅमच्या डोक्यात किरच्या घुसल्या होत्या. त्याला हेलिकॉप्टरने हलवलं गेलं, इराकमधल्या लष्करी रुग्णालयांतून जर्मनीतल्या लांडस्टूलच्या रुग्णालयात आणि तिथून अमेरिकेत, मेरिलंड राज्यातल्या बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात. सायोहून आई-वडील आले. मुलगा शुद्धीवर येणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. मरीन कोअरचे तेव्हाचे प्रमुख जनरल मायकेल हेगी स्वतः खाटेशी आले आणि त्यांनी जखमी सैनिकाला दिलं जाणारं पर्पल हार्ट पदक त्याला लावलं. २२ एप्रिल २००४ रोजी आई-वडिलांच्या संमतीने कृत्रिम जीवनाधार काढण्यात आला. ते दोघं त्याच्याजवळ होते. ज्याने प्रत्येकाला घरी पोचवायचं म्हणून मुदत वाढवली होती, त्याला त्याच्या गावी सायोच्या मातीत ठेवण्यात आलं.

श्रोतेहो, हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगू शकलो याचं श्रेय एका पत्रकाराला आहे. वॉल स्ट्रीट जर्नलचे मायकेल फिलिप्स त्या काळात या बटालियनबरोबर इराकमध्ये वावरले होते. त्यांनी जेसनच्या सोबत्यांना, वरिष्ठांना, डॉक्टरांना, आई-वडिलांना बोलतं केलं. मे २००४ मध्ये त्यांचा लेख आला आणि २००५ मध्ये 'द गिफ्ट ऑफ व्हॅलर' हे पुस्तक. आठवणी ताज्या असताना केलेलं ते काम होतं. हेल्मेटविषयीचं ते संभाषण त्यामुळेच जगाला कळलं.

त्या संभाषणाला पुढे फार महत्त्व आलं. स्फोटाच्या जागी काय घडलं हे धुरळ्यात आणि झटापटीत स्वच्छ दिसलेलं नव्हतं. फुटलेल्या हेल्मेटचे तुकडे सापडले, जखमांची जागा कळली आणि ते संभाषण आठवलं, तेव्हा सोबत्यांना आणि बटालियनच्या कमांडरांना उलगडा झाला. कमांडरांनी मेडल ऑफ ऑनर या सर्वोच्च सन्मानासाठी शिफारस केली. १० नोव्हेंबर २००६ रोजी व्हर्जिनियात क्वांटिको इथे मरीन कोअरच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं लोकार्पण झालं. जेसन असता तर त्या दिवशी पंचवीस वर्षांचा झाला असता. त्याच समारंभात बुश यांनी सन्मान जाहीर केला आणि ११ जानेवारी २००७ रोजी व्हाइट हाऊसमध्ये तो आई-वडिलांच्या हाती दिला. व्हिएतनाम युद्धानंतर हा सन्मान मिळवणारा तो पहिला मरीन. गावच्या टपाल कार्यालयाला त्याचं नाव मिळालं. नौदलाच्या एका विनाशिकेला त्याचं नाव दिलं गेलं. २००९ मध्ये त्याच्या आईच्या हस्ते तिचा नामकरण सोहळा झाला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ती सेवेत दाखल झाली.

असं कृत्य विचारपूर्वक असतं की शरीर आपोआप वागतं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो केवळ तात्त्विक नाही. त्याच वर्षी, १५ नोव्हेंबर २००४ रोजी, फलुजात राफाएल पेराल्टा नावाच्या मरीनने मरता मरता हातबॉम्ब अंगाखाली ओढून घेतल्याचं त्याच्या सोबत्यांनी सांगितलं. पेराल्टा मेक्सिकोत जन्मलेला, स्थलांतरित, पंचवीस वर्षांचा. त्यालाही सर्वोच्च सन्मानाची शिफारस झाली. पण डोक्याला आधीच गोळी लागल्यामुळे त्याने हे जाणीवपूर्वक केलं असेल का, याची शंका तपासणाऱ्यांना आली. त्याला खालच्या श्रेणीचा नेव्ही क्रॉस मिळाला. त्याच्या अनेक सोबत्यांना तो निर्णय पटला नाही. पुढे त्याच्याही नावाची युद्धनौका झाली.

या प्रश्नावर माझं उत्तर असं आहे. चार-पाच सेकंदांत कुणी युक्तिवाद करत नाही. पण त्या चार-पाच सेकंदांत माणूस काय करतो हे आधीच्या कित्येक महिन्यांत ठरलेलं असतं. ज्याने नवख्यांना छळलं नाही, ज्याने त्यांच्यासाठी मुदत वाढवली, ज्याने बॉम्ब पडला तर काय हा प्रश्न मनात वागवला, जो गोळीबाराच्या दिशेने सर्वांच्या पुढे चालत गेला, त्याचं शरीर आपोआप जरी वागलं असेल, तरी ते त्याच्याच आयुष्याच्या वळणाने वागलं. म्हणून मी म्हणतो, शौर्य मोजायचं असेल तर आयुष्य मोजा.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. हे युद्ध न्याय्य होतं का? इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत, या दाव्यावर स्वारी झाली. अमेरिकेनेच नेमलेल्या तपास पथकाने २००४ च्या ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला की असे साठे तिथे नव्हते. या युद्धात चार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. इराकी नागरिकांच्या मृत्यूंच्या नुसत्या नोंदवलेल्या घटना मोजल्या तरी आकडा लाखाच्या पुढे जातो. ज्यांनी हे युद्ध पुकारलं त्यांच्यावरची जबाबदारी डनहॅमच्या शौर्याने तसूभरही कमी होत नाही. उलट ती वाढते. इतकी चांगली मुलं ज्याच्या हुकमावर मरायला तयार असतात, त्याने हुकूम देण्यापूर्वी शंभरदा विचार केला पाहिजे. सैनिकाची निष्ठा ही राज्यकर्त्याकडे सोपवलेली ठेव आहे, आणि तिचा हिशेब मागणं हे नागरिकाचं काम आहे.

पण उलट बाजूही तितकीच ठामपणे मांडतो. युद्ध चुकीचं होतं म्हणून त्या गल्लीतलं ते कृत्य लहान होत नाही. डनहॅमने तिथे कुणाचा प्रदेश जिंकला नाही. कुणाचा जीव घेऊन तो मोठा झाला नाही. हाताखालच्या दोन पोरांना वाचवण्यासाठी त्याने जीव दिला. युद्धाचा निवाडा एका तराजूत करावा आणि माणसाचा दुसऱ्या. दोन्ही एकाच तराजूत टाकले की एक तर आपण युद्धाचं उदात्तीकरण करतो, नाही तर मेलेल्या मुलाचा अपमान करतो.

शेवटी घराकडे येतो. डनहॅमच्या बरोबरीचा हुद्दा, बरोबरीचं वय आणि बरोबरीचं मरण असलेला एक तरुण आपल्या कोकणातला आहे. नाईक यशवंत घाडगे. जन्म नोव्हेंबर १९२१, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव. मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या सेक्शनवर मशिनगनचा मारा झाला आणि त्याच्याखेरीज सगळे जण मेले किंवा जखमी झाले. तो एकटा मशिनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळीने टिपलं आणि बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपलं. नंतर लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तो पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. त्याची कबर वा समाधी ज्ञात नाही. इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलं आहे, आणि माणगावात त्याचा पुतळा आहे.

घाडगेही परक्या साम्राज्याच्या युद्धात लढला, हेही ध्यानात घ्या. त्याच्यासाठीही आपल्याला तेच दोन तराजू वापरावे लागतात. पण फरक कुठे पडतो? मी आत्ता त्याच्याविषयी जे सांगितलं, ते जवळपास सगळं मानपत्रातलं आहे. पुतळ्याला हार घालणाऱ्या बहुतेकांना तेवढंच ठाऊक असतं. तो शाळेत कसा होता, भरतीला का गेला, सेक्शनमधल्या पोरांशी कसा वागायचा, हे वेळेवर विचारून लिहून ठेवणारा माणूस त्याला मिळाला नाही. डनहॅमला मिळाला. म्हणून अमेरिकेतल्या मुलाची बावीस वर्षं आपल्याला दिसतात, आणि आपल्या मुलाची फक्त शेवटची काही मिनिटं.

महाराष्ट्रात सैनिकांची गावं आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर सैनिकांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. जवळजवळ प्रत्येक तालुक्यात एखादा स्तंभ, एखादी कमान, एखाद्या शाळेला दिलेलं नाव सापडतं. १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका, कारगिल, काश्मीर. या लढायांत पडलेल्या कितीतरी जणांचे सोबती, भावंडं, शिक्षक आज हयात आहेत. आणखी वीस वर्षांनी ते नसतील.

म्हणून तुम्हाला एक विनंती करून थांबतो. आपल्या गावातल्या किंवा तालुक्यातल्या एका धारातीर्थी पडलेल्या जवानाचं नाव निवडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्याच्या पलटणीचा आणि सोबत्यांचा माग काढा. घरच्यांची परवानगी घेऊन त्यांच्याजवळ बसा. तो कसा मेला हे नंतर विचारा, आधी कसा जगला ते विचारा. त्याची पत्रं, त्याचे खेळ, त्याचे मित्र, त्याने पाठवलेले पैसे कशाला लागले, सुट्टीवर आला की तो काय करायचा, हे सगळं लिहून काढा. शाळेतल्या मुलांकडून लिहून घ्या. छापायला पैसे लागले तर अशा व्याख्यानमालांनी ते द्यावेत, असं मी आयोजकांनाही या व्यासपीठावरून सांगतो. पुढच्या वर्षी या मालेत एक व्याख्यान आपल्या जिल्ह्यातल्या अशा एका तरुणाच्या आयुष्यावर व्हावं, आणि ते तुमच्यापैकी कुणी तरी द्यावं.